डोंगर, पाऊस, रात्र आणि डकोटा

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले आणि भारतातल्या धावपट्ट्यांवर लष्कराची मालवाहू विमाने बेकार उभी राहिली. त्यांत सर्वांत जास्त होती ती डग्लस कंपनीची डकोटा. ती स्वस्तात विकली गेली. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात अनेकांची डागडुजी झाली, सैनिकांच्या बाकांच्या जागी प्रवाशांच्या खुर्च्या आल्या आणि स्वतंत्र भारताची नागरी विमानसेवा प्रामुख्याने या विमानांवर उभी राहिली. पुढच्या दीड दशकात त्यांतली बरीच पडली. ती का पडली, त्यात विमानाचा दोष किती आणि माणसांचा किती, आणि त्या मृत्यूंतून आपण काय शिकलो, याचा हा आढावा आहे. डकोटाच्या बरोबरीने युद्धकाळातच जन्मलेल्या कमांडो आणि कॉन्स्टेलेशन या पंख्याच्या विमानांचाही विचार केला आहे, कारण त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय डकोटाचा न्याय नीट होत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या वणीत राहणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. उत्तरेला सप्तशृंगगड, पूर्वेला धोडप, पलीकडे साल्हेर अशी सातमाळा आणि सेलबारीची उंच शिखरे आमच्या आभाळाची कड आखतात. पावसाळ्यात गड दिवसचे दिवस ढगात असतो. दक्षिणेला ओझरचा विमान कारखाना आहे. १९६४ पासून तिथे मिग आणि नंतर सुखोई विमाने घडत आली. शेजारच्या निफाड तालुक्यात २७ जून २०१८ रोजी पिंपळगाव बसवंतजवळ आणि ४ जून २०२४ रोजी शिरसगावला सुखोई विमाने शेतात कोसळली. दोन्ही वेळी वैमानिक आसनासकट बाहेर फेकले जाऊन छत्रीने सुखरूप उतरले. डकोटाच्या वैमानिकाला ही सोय नव्हती. विमानातल्या सर्वांचे जे होईल तेच त्याचेही होत असे.

विमान कसे होते

डकोटाचे मूळ नागरी रूप म्हणजे डीसी-३. ते १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडाले. युद्धात त्याच्या लष्करी आवृत्त्या दहा हजारांहून अधिक निघाल्या. सुमारे बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिने, शेपटाखाली छोटे चाक, वीस-पंचवीस प्रवाशांची जागा आणि ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग. कच्च्या पट्टीवर उतरणे, थोडक्या जागेत उडणे आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होणे हे त्याचे गुण. भारतीयांनी ते २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पाहिले, जेव्हा डकोटांनी भारतीय सैन्याची पहिली तुकडी श्रीनगरला उतरवली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन दहा हजार फुटांहून उंचावरच्या लेहच्या कच्च्या पट्टीवर डकोटा उतरवले. त्या पराक्रमांची आठवण म्हणून दुरुस्त केलेले एक जुने डकोटा २०१८ मध्ये ‘परशुराम’ या नावाने हवाई दलात दाखल झाले.

पण त्याच विमानात एक मोठी मर्यादा होती. त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. प्रवासी बसलेले असताना ते दहा-बारा हजार फुटांच्या वर फार वेळ नेता येत नसे. आजचे विमान ज्या ढगांच्या वरून जाते, त्या ढगांच्या पोटातून डकोटाला वाट काढावी लागे. समोरचे वादळ दाखवणारे रडार नव्हते. जमिनीवरच्या बिनतारी केंद्राची दिशा दाखवणारा काटा, होकायंत्र, घड्याळ आणि वैमानिकाचे डोळे एवढीच सामग्री. उत्तर भारताच्या सपाट मैदानात, उघड्या हवेत हे पुरत असे. सह्याद्रीत, नीलगिरीत आणि आसामच्या पलीकडे ते पुरले नाही.

डोंगर आणि ढग

या काळातल्या अपघातांचा पहिला आणि सर्वांत मोठा गट म्हणजे सुस्थितीतले विमान ढगातून थेट डोंगरावर आदळणे. १३ डिसेंबर १९५० रोजी मुंबईहून दक्षिणेकडे निघालेले एअर इंडियाचे डकोटा नीलगिरीच्या उत्तर भागात, कोटगिरीच्या परिसरात डोंगराला धडकले. विमानातले कोणीही वाचले नाही. प्रवाशांत कोलंबिया विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड आणि त्यांच्या पत्नी होत्या. भारत सरकारच्या निमंत्रणावरून वाल्ड व्याख्यानांसाठी आले होते. त्यांच्या कामाकडे पुढे परत यायचे आहे, कारण सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे.

दुसरा प्रसंग महाराष्ट्रातला, त्याच्या आदल्या वर्षीचा. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनी केएलएमचे ‘फ्रानेकर’ नावाचे कॉन्स्टेलेशन दिल्लीहून मुंबईला येत होते. बताव्हियाहून ॲमस्टरडॅमला निघालेल्या या विमानात डच सरकारच्या निमंत्रणावरून इंडोनेशिया पाहून परतणारे तेरा अमेरिकन पत्रकार होते. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले एच. आर. निकरबॉकर त्यांपैकी एक. सांताक्रूझला उतरायचे असताना ऐन पावसाळ्यातल्या खाली आलेल्या ढगांत विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जण गेले. कॉन्स्टेलेशन हे डकोटाहून कितीतरी पुढचे विमान होते. चार इंजिने, दाब राखलेली केबिन, दुप्पट वेग. तरीही उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात ढगाखाली यावेच लागते, आणि तिथे त्याची अवस्था डकोटासारखीच झाली.

मुंबईच्या बाबतीत भूगोल मुळातच कठीण आहे. सह्याद्रीची भिंत किनाऱ्याला समांतर उभी आहे. पूर्वेकडून येणाऱ्या विमानाला ती ओलांडेपर्यंत उंच राहावे लागते आणि ओलांडली की थोड्याच अंतरात खाली यावे लागते. आपण घाट ओलांडला की नाही हे ढगातून दिसत नाही. ते वेळेवरून आणि वेगावरून काढावे लागे, आणि समोरून वाऱ्याचा जोर असला की हिशेब चुकत असे. त्यात उंचीमापकाचा घोटाळा. हे यंत्र खरे तर हवेचा दाब मोजते. पावसाळी हवेत दाब उतरला आणि वैमानिकाने काटा नव्या दाबावर लावला नाही, तर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवते. वैमानिकाला वाटते खाली भरपूर अंतर आहे, प्रत्यक्षात खडक जवळ आलेला असतो.

विमाने सुधारली की हा धोका आपोआप जाईल असे वाटणे स्वाभाविक होते. ७ जुलै १९६२ च्या रात्री तो समज मोडला. अलितालियाचे जेट विमान, डीसी-८, बँकॉकहून मुंबईला येताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि चौऱ्याण्णव जण ठार झाले. विमान जेट होते, नवे होते. पण आपण नेमके कुठे आहोत हे चुकले, आणि घाट ओलांडण्याआधीच उंची सोडली गेली. म्हणून नीलगिरी, घाटकोपर आणि जुन्नर या तीन घटना एकत्र वाचायला हव्यात. विमाने तीन पिढ्यांची, आणि मरण मात्र एकाच प्रकारचे.

रात्र आणि टपाल

दुसरा गट रात्रीच्या अपघातांचा आहे, आणि त्याचे केंद्र नागपूर. १९४९ मध्ये दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जात. त्याच वर्षी १ एप्रिलपासून जादा आकार न घेता टपाल विमानाने नेण्याची योजनाही सुरू झाली. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला मिळू लागले. गरीब देशाने केलेली ही मोठी गोष्ट होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र रात्रीच्या उड्डाणाला लागणारे दिवे, बिनतारी केंद्रे आणि हवामानाची माहिती पुरेशी नाही, हा आक्षेप जे. आर. डी. टाटांनी घेतला होता.

१२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे, अंधारातच, सोनेगावहून मद्रासला निघालेले डकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानात चौदा जण होते. तेरा गेले, वैमानिक एकटा वाचला. मृतांत लोकसभेचे सदस्य आणि कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. उड्डाण होताच इंजिनाची ताकद गेली होती.

उड्डाणाच्या क्षणी दोनांपैकी एक इंजिन जाणे ही डकोटाची सर्वांत अवघड घडी. विमान भरलेले, वेग नुकताच धरलेला, उंची काहीच नाही. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला त्या बाजूला मागे ओढतो. त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून ही ओढ थांबवायची, शेपटाच्या सुकाणूने तोल राखायचा, चाके आत घ्यायची आणि विमान सरळ ठेवायचे. हे सगळे काही सेकंदांत. दिवसा क्षितिज दिसते, मोकळे शेत दिसते. रात्री काहीच दिसत नाही. त्यामुळे दिवसा जी अडचण ठरली असती, ती रात्री आपत्ती ठरत असे. वैमानिकाच्या कौशल्याबद्दल निवाडा करताना त्याला कोणत्या घडीला काय दिसत होते हे आधी विचारावे.

परवाने आणि पैसा

तिसरे कारण धावपट्टीवर दिसत नाही, ते हिशेबाच्या वहीत दिसते. युद्धानंतर जुनी डकोटा स्वस्त मिळत होती, म्हणून विमान कंपन्या भराभर उभ्या राहिल्या. १९४६ मध्ये परवाना मंडळ स्थापन झाले, पण त्याने हात सैल ठेवला. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, अंबिका, ज्युपिटर अशा किती तरी कंपन्या थोड्याच प्रवाशांसाठी झगडू लागल्या. या खैरातीला टाटांनी उघड विरोध केला होता.

१९५० मध्ये सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार आहेत, त्या तोट्यात आहेत आणि त्यांची संख्या कमी करायला हवी, असा समितीचा निष्कर्ष होता. ही गोष्ट अपघातांपासून वेगळी काढता येत नाही. तोट्यातल्या कंपनीत सुट्या भागांचा साठा, वैमानिकांचा सराव आणि खराब हवेत उड्डाण रद्द करण्याची मुभा या तिन्ही गोष्टींवर ताण येतो. प्रत्येक अपघात पैशाच्या टंचाईने झाला असे म्हणता येणार नाही, पण टंचाईत सुरक्षिततेचा पदर तोकडा होतो हे नाकारता येत नाही.

१ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण झाले आणि आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स तयार झाली. तिच्या वाट्याला आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डकोटा होती. नागपूरचा अपघात त्यानंतर साडेचार महिन्यांच्या आत झाला. मालक बदलला होता. विमाने, रात्र आणि धावपट्टी तीच होती. मालकी बदलल्याने सुरक्षितता येत नाही, ती साधने आणि प्रशिक्षण बदलल्याने येते. इंडियन एअरलाइन्समध्ये १९५७ पासून व्हायकाउंट आणि १९६१ पासून फोकर फ्रेंडशिप ही दाब राखणारी विमाने आली, तेव्हा तो बदल खऱ्या अर्थाने सुरू झाला.

यंत्राचा दोष असतो तेव्हा

डकोटाला निर्दोष ठरवण्यापूर्वी दोषी यंत्र कसे असते हेही पाहावे. १९४२ ते १९४५ या काळात आसामच्या छाबुआ, दिनजान, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून चीनच्या कुन्मिंगला हिमालयाच्या पूर्व टोकावरून माल नेला जाई. वैमानिक या मार्गाला ‘हंप’ म्हणत. त्यावर सुमारे सहाशे विमाने गेली आणि सोळाशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. या मार्गासाठी डकोटाहून मोठे आणि दोन-दोन हजार अश्वशक्तीच्या इंजिनांचे कर्टिस कमांडो विमान आणले गेले. ते अवजड माल घेऊन उंच जाऊ शके. पण ते पुरेसे पारखून न घेताच कामाला जुंपले होते. पंखांच्या मुळाशी गळलेले इंधन साचे आणि ठिणगी पडताच स्फोट होई. मे १९४३ ते मार्च १९४५ या काळात कमांडो हवेत पेटल्याच्या किंवा फुटल्याच्या एकतीस घटनांची नोंद लष्कराकडे झाली. नंतर पंखात हवा खेळण्याची सोय केल्यावर हा दोष आवरला.

डकोटाच्या बाबतीत असा एखादा जन्मजात, पुन्हा पुन्हा मारणारा दोष दिसत नाही. हंपवर पडलेल्या विमानांचे सांगाडे आजही अरुणाचलच्या जंगलात सापडतात, आणि २०२३ मध्ये पासीघाटला त्यांच्या अवशेषांचे संग्रहालय उघडले.

चौथे कारण अगदी वेगळे, घातपाताचे. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन चीनच्या शिष्टमंडळाला घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताला, बांडुंग परिषदेसाठी निघाले होते. चाकांच्या कप्प्यात लपवलेला टाइमबाँब हवेत फुटला. कॅप्टन डी. के. जटार यांनी पेटलेले विमान समुद्रापर्यंत आणले, ठावठिकाण्यासह मदतीचे संदेश पाठवले आणि जीवरक्षक जाकिटे चढवण्याचा हुकूम दिला. सोळा जण गेले, त्यांत जटार होते. सहवैमानिक एम. सी. दीक्षित, अभियंता अनंत कर्णिक आणि दिशादर्शक जे. सी. पाठक हे तिघे पोहून वाचले. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. कर्णिकांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिले. यंत्र, हवा आणि वैमानिक तिन्ही ठीक असताना माणसाच्या दुष्टपणाने झालेला हा संहार अपघातांच्या हिशेबात वेगळा मांडला पाहिजे. त्याचवेळी पठडीबाहेरच्या परिस्थितीत शिस्तीने काय साधते, हेही त्यातून दिसते. कर्मचाऱ्यांनी शेवटपर्यंत आपले काम सोडले नाही, म्हणूनच तिघे वाचले आणि सत्य जगापुढे आले.

वाल्ड यांचा धडा

आता अब्राहम वाल्ड यांच्याकडे येऊ. युद्धात त्यांच्यापुढे प्रश्न होता की शत्रूच्या माऱ्यातून परत आलेल्या बाँबफेकी विमानांवरच्या छिद्रांवरून त्यांना चिलखत कुठे चढवावे. जिथे छिद्रे जास्त तिथे, असे कोणालाही वाटेल. वाल्ड यांच्या मांडणीतून उलटा निष्कर्ष निघतो. छिद्रे घेऊन जी विमाने परत आली, त्यांना त्या जागांचा मारा सोसता आला. ज्या जागी छिद्रे दिसत नाहीत, तिथे मार लागलेली विमाने परतलीच नाहीत. म्हणून न परतलेल्यांचा हिशेब आधी मांडा.

डकोटाबद्दल आपली समजूत नेमकी परतलेल्या विमानांनी घडवली आहे. श्रीनगर, लेह, परशुराम. ‘डकोटा कुठेही उतरते, कशानेही मोडत नाही’ असे जुने लोक सांगत, आणि ते खोटे नाही. पण नीलगिरीच्या खडकावर आणि सोनेगावच्या अंधारात गेलेली विमाने त्या गौरवकथेत येत नाहीत. ज्याने न परतलेल्यांना मोजायला शिकवले, तोच अशा न परतलेल्या डकोटात गेला. त्या विमानांचा हिशेब मांडल्यावर माझा निवाडा असा आहे. डकोटा हे चांगले विमान होते, आणि ते ज्या कामाला लावले ते काम त्याच्या शक्तीपलीकडचे होते. ढगात झाकलेले डोंगर, दिव्यांवाचूनची रात्र आणि तोट्याने टेकीला आलेल्या कंपन्या यांच्या मध्ये ते उडवले गेले. दोष वाटायचाच झाला, तर सर्वांत मोठा वाटा जमिनीवरच्या व्यवस्थेचा आहे.

काय शिल्लक आहे

१९३७ च्या विमान नियमांखाली त्या काळात चौकशा होत. डकोटात काळी पेटी नव्हती, त्यामुळे तपास अवशेष, हवामान, शेवटचा बिनतारी संदेश आणि जमिनीवरच्या साक्षीदारांवर चाले. आज काळी पेटी आहे, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र आहे, आणि २०१२ पासून केंद्र सरकारचा स्वतंत्र विमान अपघात तपास विभाग आहे. या विभागाचे अहवाल लोकांना वाचता येतात. १९४७ ते १९६५ या काळातल्या चौकशांचे अहवालही तसेच एकत्र, सहज वाचता येतील असे ठेवावेत. ते गुप्त ठेवण्याजोगे आता काही उरलेले नाही, आणि त्यांत शिकण्याजोगे अजून पुष्कळ आहे.

दुसरी मागणी महाराष्ट्राकडे. घाटकोपर, सोनेगाव आणि जुन्नर या तीन ठिकाणी अपघाताचे कारण आणि मृतांची संख्या सांगणारे, मराठीत लिहिलेले फलक असावेत. शाळेच्या सहली गडकोटांवर जातात, तशा तिथेही जाव्यात.

तिसरी विनंती वाचकांना. डोंगरावर विमान पडते तेव्हा तिथे पहिली पोहोचतात ती वाडीवस्तीवरची माणसे. आता तशी वेळ आली तर आधी ११२ वर फोन करावा, आगीपासून दूर राहावे, जखमींना मदत करावी आणि अवशेषाचा एकही तुकडा हलवू नये, कारण तोच उद्याचा पुरावा असतो. आणि ज्यांनी घाटकोपरची किंवा जुन्नरची ती विमाने पडलेली पाहिली, ती माणसे आज सत्तरी ते नव्वदीच्या घरात आहेत. तुमच्या घरात किंवा गावात असे कोणी असेल, तर त्यांचे बोलणे याच महिन्यात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि ठिकाण लिहा आणि त्याची एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्या.